आगरकरांचे वेतन

इथून, कराडपासून, जवळच, कृष्णाकाठच्या टेंभूत, 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. त्यांचे नाव निघाले की डेक्कन कॉलेजातले त्यांचे सहाध्यायी टिळक आठवतात आणि पाठोपाठ दोघांचे भांडण. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, एवढ्यावर आपण ते भांडण मिटवून टाकतो. शिक्षकांनी मात्र त्याचा दुसरा पदर पाहायला हवा. तो पगाराचा होता.

न्यू इंग्लिश स्कूल 1880 साली निघाले, एम. ए.ची परीक्षा आटोपून आगरकर पुढच्याच वर्षी तिथे आले. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आजीव सभासदाने संस्थेच्या वेतनात भागवावे, बाहेरची कमाई करू नये, हा टिळकांचा आग्रह होता. त्यांच्यापुढे जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता. प्रपंच असलेल्या माणसावर संन्याशाचे नियम लादता येत नाहीत, असे आगरकरांच्या बाजूचे म्हणणे. मतभेद विकोपाला गेले आणि 1890 च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला.

वेतनवाढीची बाजू घेणारा माणूस सेवाव्रती कसा, असे कोणी विचारील. पण त्या काळात एम. ए. झालेल्याला सरकारी नोकरी दुर्मीळ नव्हती. ती वाट सोडून, दम्याने पोखरलेल्या शरीराने, आगरकर शिकवीत राहिले, ‘सुधारक’ पत्र चालवीत राहिले आणि 1895 साली फर्ग्युसनच्या प्राचार्यपदावर असतानाच, वयाची 39 वर्षेही पुरी न होता, गेले. याला त्याग म्हणायचे नाही तर कशाला? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टिळकांच्या काटेकोरपणावाचून संस्था उभीच राहिली नसती. हे मला मान्य आहे. मूठभर ध्येयवेड्यांना तो नियम पेलतो. परंतु संस्थापकांच्या मागे संस्था चालवायची ती बायकामुले असलेल्या, घरभाडे भरणाऱ्या शिक्षकांनी. त्यांच्या पोटाचा विचार आगरकरांच्या बाजूने वेळेवर केला, असे माझे मत आहे.

आपल्या या शिक्षक परिषदेत दुपारच्या सत्रात तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या मानधनाचा ठराव यायचा आहे. तेव्हा सेवाभावाचे दाखले देऊन कोणी तो प्रश्न बाजूला सारू लागले, तर टेंभूच्या या मास्तरांचा दाखला त्यांच्यापुढे ठेवावा, ही यजमानाची विनंती.