हिमगाडी आणि तिचा धनी



आजच्या भाषणाचा विषय आपणांपैकीं पुष्कळांना परका वाटेल. ज्या प्रांतांत थंडीच्या दिवसांतहि एखादी शाल किंवा स्वेटर पुरतो, तेथल्या माणसांनीं हिमावरून धांवणाऱ्या गाडीची विचारपूस कां करावी, असें कोणीहि विचारील. याचें उत्तर असें कीं, यंत्र कोणतेंहि असो, त्याच्यावर माणसानें कितपत विसंबावें हा प्रश्न सर्व देशांत एकच आहे. मात्र तो हिमप्रदेशांत जितका उघड्या स्वरूपांत दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. पुण्यामुंबईस मोटार बंद पडली तर आपला अर्धा दिवस फुकट जातो. उत्तर कॅनडांत, पारा उणे चाळीस अंशांवर असतांना आणि वस्ती पन्नास किलोमीटर दूर असतांना गाडी बंद पडली, तर धन्याचे प्राण जाऊं शकतात.

इंग्रजींत जिला स्नोमोबाईल म्हणतात तिला मी हिमगाडी म्हणणार आहे. मराठींत आपण सरसकट बर्फ हाच शब्द वापरतों. परंतु आकाशांतून भुरभुर पडतें तें हिम आणि तळें गोठून दगडासारखें कठीण होतें तें बर्फ, हा भेद या गाडीच्या धन्याला पदोपदीं पाळावा लागतो. ताज्या हिमांत माणूस मांडीपर्यंत रुततो. शाळेंत पदार्थविज्ञानाचा पाठ देतांना आम्ही मुलांना सांगत असूं कीं, भार तोच असला तरी तो मोठ्या पृष्ठभागावर पसरला म्हणजे दाब कमी होतो. हिमगाडीचें सारें रहस्य या एका वाक्यांत आहे. पुढच्या बाजूस वळण्यासाठीं दोन रुंद घसरपट्ट्या, त्यांना स्की म्हणतात. आणि मागें चाकांऐवजीं रबराचा एक रुंद, अखंड फिरणारा पट्टा. एवढ्या योजनेनें दोनअडीचशें किलोग्रॅमची गाडी आपल्या स्वाराला घेऊन हिमावर तरंगल्यासारखी चालते.

या गाडीच्या इतिहासांत एका बापाचें दुःख आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत व्हॅलकोर्ट नांवाचें गांव आहे. तेथें १९०७ सालीं जन्मलेल्या जोझेफ-आर्मां बाँबार्डिए यानें वयाच्या पंधराव्या वर्षीं, म्हणजे १९२२ सालीं, जुन्या फोर्ड मोटारीचें एंजिन आणि विमानासारखा पंखा घसरगाडीवर बसवून पहिला प्रयोग केला. पुढें तो गांवांतच मोटारदुरुस्तीचा धंदा करूं लागला. १९३४ सालच्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या दाहानें आजारी पडला. रस्ते हिमानें बुजलेले होते, रुग्णालय गांठतां येईना, आणि मूल दगावलें. दांतेरी चाक व रबरी पट्टा यांच्या जोडणीचें पेटंट त्याला १९३७ सालीं मिळालें, आणि सात माणसें बसतील अशी त्याची गाडी त्याच वर्षीं बाजारांत आली. १९४२ सालीं बारा माणसांची गाडी निघाली. या गाड्यांतून डॉक्टर रोग्याकडे गेले, टपाल गेलें, शाळकरी मुलें शाळेंत गेलीं. १९४८ सालीं सरकारनेंच रस्त्यांवरील हिम दूर करण्याची व्यवस्था केली तेव्हां त्या मोठ्या गाडीची गरज ओसरली. आणि १९५९ सालीं याच गृहस्थानें एकदोघांनाच बसतां येईल अशी लहान, हलकी ‘स्कीडू’ काढली. आज जिला हिमगाडी म्हणतात ती बहुतेक या स्कीडूच्याच वळणाची. तिची कसोटीहि लौकरच लागली. १९६८ सालच्या एप्रिलांत अमेरिकेंतील विम्याचा व्यवसाय करणारे राल्फ प्लेस्टेड आणि त्यांचे तीन सोबती अशाच गाड्यांवरून उत्तर ध्रुवावर पोंचले, आणि एका विमानानें वरून त्यांच्या स्थानाची खात्री करून घेतली.

हा झाला कीर्तीचा भाग. परंतु यंत्राची खरी हकीकत त्याच्या धन्याकडून ऐकावी. रोज गाडी चालविणाऱ्यांच्या अनुभवांत कांहीं गोष्टी पुन्हां पुन्हां येतात.

पहिली गोष्ट बेल्टची. एंजिनाची शक्ति मागच्या पट्ट्याकडे नेण्याचें काम दोन कप्प्यांवर ताणलेला एक रबरी बेल्ट करतो. आपल्याकडील बिनगिअरच्या स्कूटरमध्येंहि अशीच योजना असते. वेग वाढला कीं एक कप्पी मिटते, दुसरी उघडते, आणि धन्याला गिअर बदलण्याची यातायात पडत नाहीं. सोय मोठी, पण खोल हिमांतून जड ओझें ओढतांना बेल्ट तापतो, झिजतो आणि अखेर तुटतो. म्हणून अनुभवी मनुष्य जादा बेल्ट घेतल्याशिवाय गांवाची वेस ओलांडीत नाहीं. शिवाय कडाक्याच्या थंडींत रबर लांकडासारखें ताठ होतें. तेव्हां सकाळीं एंजिन सुरू झाल्याबरोबर गाडी हांकणें हें चांगल्या धन्याचें लक्षण नव्हे. तो प्रथम मागची बाजू उचलून पट्टा सावकाश फिरवून घेतो, सर्व अवयव मोकळे होऊं देतो आणि मग निघतो.

दुसरी गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल: हिमप्रदेशांत एंजिन जळतें, आणि तेंहि थंडीमुळें. थंड हवा घन असते. तितक्याच जागेंत तिच्यांत प्राणवायु अधिक मावतो. कार्बुरेटर उणे पांच अंशांच्या मानानें लावलेला असला आणि पारा उणे तीसवर उतरला, तर हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडतें, ज्वलनाची उष्णता वाढते आणि आंतील दट्ट्याला चक्क भोंक पडतें. जुन्या गाड्यांचे धनी म्हणूनच निरनिराळ्या छिद्रांचे जेट जवळ बाळगीत आणि हवा पाहून ते बदलीत. दोन स्ट्रोकच्या एंजिनांत पेट्रोलबरोबर तेलहि जळतें; त्या तेलाची काजळी धरून प्लग मरतो. ज्यांनीं आपल्याकडे दोन स्ट्रोकची स्कूटर वापरली आहे त्यांना प्लग काढून पुसण्याचा सोहळा नव्यानें सांगावयास नको. फरक इतकाच कीं, येथें तो रस्त्याच्या कडेला झाडाच्या सावलींत होतो, आणि तेथें हातमोजा काढल्यावर बोटें बधिर होण्यापूर्वीं तो उरकावा लागतो.

तिसरी गोष्ट खुद्द हिमाची. ही गाडी हिमावर चालते इतकेंच नव्हे, तर ती हिमावर जगते. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना ओलावा देण्याचें काम उडणारें हिम करतें. आणि ज्या गाड्यांचें एंजिन पाण्यानें थंड होतें, त्यांतील गरम पाणीहि पट्ट्यानें उडविलेल्या हिमानेंच निवतें. उघड्या, गुळगुळीत बर्फावरून लांबवर गेलें कीं हिम उडत नाहीं, आणि सभोंवतीं सर्व गोठलेलें असतांना एंजिन मात्र तापून उकळूं लागतें. याच्या उलट, गोठलेल्या तळ्यावर हिमाच्या थराखालीं कधींकधीं पाणी सांचलेलें असतें. त्या चिखलांत गाडी थांबली कीं रुतली. ती कशीबशी बाहेर काढून तशीच उभी ठेवली, तर रात्रींतून पट्टा गोठून सांगाड्याशीं एकजीव होतो. म्हणून मुक्कामावर पोंचल्याबरोबर अंगावरचें हिम झटकण्यापूर्वीं गाडी आडवी करून तिच्या पोटांतील हिम झटकावें, अशी तेथील रीत आहे.

चालविण्याची कलाहि निराळीच आहे. उजव्या अंगठ्यानें वेग, डाव्या हातानें ब्रेक, आणि उरलेलें सर्व काम अंगानें. कठीण वाटेवर वळतांना स्वारानें आंतल्या बाजूस झुकावें लागतें. नाहीं तर स्की वळतात पण गाडी सरळच जाते. डोंगरावरील खोल हिमांत स्वार उभा राहून एका पावलावर भार देतो आणि सर्व गाडी एका कुशीवर कलती करूनच वळवितो. मनगटाला किंवा कोटाला एक दोरी बांधलेली असते. स्वार खालीं पडला कीं ती निसटते आणि एंजिन बंद होतें. ही साधी दोरी न बांधल्यामुळें धनी हिमांत बसला आहे आणि गाडी एकटीच पुढें निघून गेली आहे, असा प्रसंग ओढवूं शकतो. रात्रीं दिव्याचा प्रकाश जेथवर पोंचतो तेवढ्या अंतरांत गाडी थांबली पाहिजे, हा नियमहि जाणते लोक कटाक्षानें पाळतात; कारण पुढें कुंपणाची तार आहे कीं नदीचा पातळ बर्फ आहे, हें अंधार सांगत नाहीं.

येथपर्यंत ही हौशी आणि कष्टकरी अशा दोन्ही धन्यांची गोष्ट झाली. परंतु ज्यांच्या संसाराचाच गाडा या यंत्रावर चालूं लागला त्यांचा अनुभव अधिक विचार करण्यासारखा आहे. फिनलंडच्या अगदीं उत्तरेस सेव्हेट्टियार्वी येथें स्कोल्ट सामी नांवाचे लोक राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा मूळ प्रदेश रशियाकडे गेल्यामुळें ते येथें येऊन वसले. रेनडिअरचे कळप पाळणें आणि रेनडिअर जुंपलेल्या घसरगाडीवरून प्रवास करणें हें त्यांचें जीवन. १९६० नंतर तेथें हिमगाडी आली, आणि दहाएक वर्षांतच ओढीचे रेनडिअर दिसेनासे झाले. पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञानें १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या बदलाचा बारकाईनें हिशेब मांडला आहे. ज्या फेरीला पूर्वीं दिवस लागत ती तासांत होऊं लागली, हा लाभ लहान नव्हे. परंतु रेनडिअर आपलें खाणें हिमाखालून खुरांनीं उकरून घेतो. हिमगाडीला पेट्रोल, तेल, बेल्ट आणि सुटे भाग लागतात, आणि ते सर्व रोकड पैसे मोजून बाहेरून आणावे लागतात. ज्यांच्यापाशीं पैसा होता ते टिकले. ज्यांच्यापाशीं नव्हता त्यांतील कित्येकांच्या हातून कळपच गेले. यंत्राच्या किमतींत दुरुस्तीची किंमत धरली नाहीं म्हणजे काय होतें, याचा हा धडा आहे.

उत्तर कॅनडांतील इन्युइट शिकाऱ्यांचा अनुभवहि याच जातीचा आहे. त्यांच्या जुन्या घसरगाड्या कुत्रे ओढीत. कुत्रा मंद खरा. पण हिमवादळांत वाट दिसेनाशी झाली तरी तो घर हुडकून काढतो, पातळ बर्फ आला कीं बिचकतो, आणि दहा कुत्र्यांपैकीं एक लंगडला तरी नऊ ओढीतच राहतात. हिमगाडी जलद खरी. पण ती पातळ बर्फावरहि निमूटपणें जाते, आणि तिचा एक भाग बिघडला कीं सारी गाडी जागच्या जागीं बसते. असें असूनहि इन्युइटांनीं हिमगाडी टाकली नाहीं, आणि त्याला सबळ कारण आहे. आठवडाभर नोकरी करणाऱ्या मनुष्याला दोन दिवसांच्या सुटींत शिकार करून घरीं परतणें हें या गाडीमुळेंच शक्य झालें. मात्र त्यांच्यांतील जाणते लोक दूर जातांना शक्यतों दोन गाड्या बरोबर नेतात, आणि हाताशीं असेल त्या लांकडानें, तारेनें, दोरीनें मोडलेला भाग जोडून घरीं येण्याची विद्या मुलांना शिकवितात.

आतां आजच्या गाड्यांविषयीं. जुन्यांच्या मानानें त्या पुष्कळ भरंवशाच्या झाल्या आहेत, हें निःपक्षपातानें सांगितलें पाहिजे. पेट्रोलचें प्रमाण आतां विजेचें उपकरण हवेची थंडी व उंची पाहून स्वतःच ठरवितें. त्यामुळें दट्ट्या जळण्याचे प्रसंग कमी झाले. चार स्ट्रोकचीं एंजिनें आलीं. तीं वजनानें जड, पण तेल जाळीत नाहींत आणि काळजी घेतली तर दीर्घकाळ टिकतात. परंतु पूर्वीं जो बिघाड धनी पान्यानें आणि पकडीनें काढीत असे, तो ओळखण्यासाठींहि आतां कारखान्याचा संगणक जोडावा लागतो. गाडी क्वचित् बिघडते. पण बिघडली म्हणजे धन्याच्या हातांत कांहीं राहत नाहीं. त्यांत कारखानेहि चिरंजीव नसतात. १९६८ पासून हिमगाड्या करणाऱ्या यामाहा या जपानी कारखान्यानें हा धंदा आवरता घेत असल्याचें २०२३ सालीं जाहीर केलें, आणि उत्तर अमेरिकेंत २०२५ ची आवृत्ति शेवटची ठरविली. अशा वेळीं सुटे भाग कोठवर मिळत राहतील, हा विचार प्रत्येक धन्याच्या मनांत येणारच.

आपलाहि या यंत्राशीं अगदींच संबंध नाहीं असें नाहीं. काश्मिरांत गुलमर्गला गेलेल्या आपल्यापैकीं कांहींनीं हिमगाडीवर पांचदहा मिनिटें बसण्याची हौस भागविली असेल. सियाचिनच्या हिमनदीवर १९८४ पासून आपलें सैन्य उभें आहे; तेथें हिमगाड्या सामान आणि माणसें वाहतात, आणि त्या सैन्यांत महाराष्ट्राचे जवानहि असतात. भारताची अंटार्क्टिकावरील पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याहूनच निघाली. आजहि तेथील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या ठाण्यांची व्यवस्था गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय संस्था पाहते. हिमावरील वाहन तेथें चैनीचें नसतें. जो मनुष्य सह्याद्रीच्या उन्हांत वाढला, त्याच्यावरच कदाचित् उणे तीस अंशांत बेल्ट बदलण्याची वेळ येते.

हिमगाड्यांच्या धन्यांचे अनुभव एकत्र करून पाहिले म्हणजे असें दिसतें कीं, ज्याला आपण यंत्राचा भरंवसा म्हणतों तो सगळा कारखान्यांत तयार होत नाहीं. अर्धा तेथें होतो. उरलेला अर्धा धनी घालतो: निघण्यापूर्वीं दिलेल्या दहा मिनिटांनीं, बरोबर घेतलेल्या जादा बेल्टनें, घरीं सांगून ठेवलेल्या वाटेनें, आणि सोबतीस घेतलेल्या दुसऱ्या माणसानें. आपल्या घरांतहि आज पाण्याच्या पंपापासून उद्वाहकापर्यंत अनेक यंत्रें आलीं आहेत. त्यांतील एखादें बंद पडलें तर आपण गोठून मरणार नाहीं. म्हणूनच आपण त्यांची ओळख करून घेण्याचा आळस करतों. उत्तरेकडील मनुष्याला तो आळस परवडत नाहीं, आणि त्याच्या घरांतील दहा वर्षांच्या मुलालाहि प्लग कोठें असतो हें ठाऊक असतें. आपल्या मुलांना तें ठाऊक असावें कीं नसावें, याचा विचार आपल्यावर सोंपवून मी आपली रजा घेतों.