मालिकेत न दिसणारी रांग

(गोंदिया येथे युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

 

माझा विषय आहे, ‘वेब सिरीज आणि तरुणांचे मानसिक आरोग्य’. तो वाचून काही अम्मी-अब्बांना वाटले असेल, आता ही बाई मुलांना मोबाईल बंद करायला सांगेल. आणि मुलांनाही तीच भीती वाटली असेल. मी तसे काही सांगणार नाही. मी स्वतः या मालिका पाहते. फक्त त्या काय दाखवतात आणि काय गाळतात, एवढेच आज बोलायचे आहे.

सुरुवात घरातूनच करते. माझा एक मामेभाऊ आहे. त्याची परवानगी घेऊन सांगते आहे, नाव सांगत नाही. नीटच्या दुसऱ्या प्रयत्नातही त्याचे गुण कमी पडले. मामू राईस मिलमध्ये मुनीम. कोचिंगसाठी त्यांनी कर्ज काढले होते. निकालानंतर मुलगा रात्र रात्र जागा राहू लागला. घरचे म्हणायचे, ‘मोबाईल की वजह से नींद नहीं आती.’ मोबाईल तो पाहतच होता. ‘कोटा फॅक्टरी’ पाहत होता. एका रात्री दीड वाजता त्याने मला त्यातला एक तुकडा पाठवला आणि खाली लिहिले, ‘बाजी, ये मेरा ही सीन है.’

मी हसण्याचा इमोजी पाठवला आणि झोपले.

त्या इमोजीची मला आजही लाज वाटते. त्याला जे स्वतःच्या तोंडाने सांगता येत नव्हते, ते तो मालिकेच्या तोंडून सांगत होता, आणि मी त्याला करमणूक समजले.

साथींनो, या मालिकांचे पहिले मोल हेच आहे. त्या आपल्याला बोलायला तोंड देतात. आपल्या घरात ‘डिप्रेशन’ हा शब्द सहसा येत नाही. ‘मन नहीं लगता’, ‘घबराहट होती है’, ‘किसी की नजर लगी’ एवढेच येते. ‘कोटा फॅक्टरी’ २०१९ मध्ये आली. कोचिंगच्या गावातले जग तिने कृष्णधवल रंगात दाखवले. २०२१ मधला दुसरा भाग निकालाचा जल्लोष सुरू असतानाच एका आत्महत्येच्या बातमीवर संपतो. आणि २०२४ मधल्या तिसऱ्या भागात सगळ्यांना धीर देणारा जीतू भैया स्वतःच खचलेला आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसून बोलतो आहे. सल्ला देणाऱ्या, हुशार, कर्त्या माणसालाही मदत लागते, हे इतक्या सरळपणे हिंदी पडद्यावर क्वचितच आले असेल. मला ते फार मोलाचे वाटते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात १,७६४ महाराष्ट्रातले होते, आणि राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही अमेरिकी मालिका आली. शाळकरी मुलगी जीव देते आणि मागे कॅसेट ठेवून जाते, कॅसेटच्या एकेका बाजूवर एकेका दोषीचा हिशेब. गाजली खूप. पण डॉक्टरांनी आणि शाळांनी धोक्याची सूचना दिली. १० ते १७ वयोगटातील आत्महत्या मालिका आल्यानंतरच्या महिन्यात वाढल्याचे एका अभ्यासात दिसले. त्याच आकड्यांचा पुन्हा अभ्यास करून दुसऱ्या संशोधकांनी त्या निष्कर्षावर शंकाही घेतली. तो वाद राहू द्या. पण जुलै २०१९ मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने, कंपनीने आत्महत्येचा तो प्रसंग मालिकेतून काढून टाकला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट-मालिका बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली.

माझा त्या मालिकेवरचा आक्षेप वेगळा आहे. मेल्यावर सगळे आपले ऐकतील, असे ती सुचवते. हे खोटे आहे. मेलेल्या मुलीला काहीही ऐकू येत नाही. कोणी माफी मागितली तरी ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ऐकून घ्यायचे असेल, तर जिवंत राहूनच ऐकवावे लागते.

आणखी एक गोष्ट मालिकांमध्ये गाळली जाते, ती म्हणजे मधला काळ. मालिकेत मुलगा कोसळतो, पाऊस पडतो, संगीत वाजते, मित्र धावत येतो, मिठी मारतो आणि पुढच्या भागात तो बरा झालेला असतो. प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी मी मामूंच्या घरी गेले. भाऊ जेवत नव्हता. मी दार लावले आणि त्याला स्पष्ट विचारले, ‘जान देने का खयाल आता है क्या?’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग ‘हां’ म्हणाला आणि रडला. त्या दिवसापासून त्याला आम्ही एकटे सोडले नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. चिठ्ठी काढायची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग औषधाची रांग. अर्धा दिवस गेला. डॉक्टर दहा मिनिटे बोलले. गोळ्यांनी पहिले काही दिवस नुसती झोप आली. मामी म्हणाल्या, ‘फायदा नहीं, बंद करो.’ आम्ही बंद केल्या नाहीत. तिसऱ्या खेपेनंतर एका सकाळी तो स्वतःहून चहा मागायला स्वयंपाकघरात आला. आमच्या घरचा सगळ्यात आनंदाचा प्रसंग तो. त्यावर कोणी मालिका काढणार नाही.

ती रांग दाखवली जात नाही, म्हणून मुलांना वाटते की एकदा बोलूनही बरे वाटले नाही, म्हणजे आपले काही होणार नाही. तसे नसते. वेळ लागतो.

हा मधला काळ दाखवणारा एक मराठी चित्रपट आहे, जरूर पाहा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्तम चित्रपटाचा सन्मान मिळाला. जगणे नकोसे झालेला एक तरुण, आणि स्वतः नैराश्यातून गेलेली एक बाई त्याला आपल्या घरी आसरा देते. मोठी भाषणे नाहीत. खायला देणे, जवळ बसणे, प्रश्नांचा भडिमार न करणे, एवढेच. समुद्रकिनारी कासवांची अंडी जपतात, तितक्या सबुरीने माणूस जपायचा असतो. आणि ‘अ‍ॅडोलसन्स’ ही २०२५ मधली ब्रिटिश मालिका. तिच्या चार भागांपैकी तिसरा जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो, मानसशास्त्रज्ञ बाई आणि तेरा वर्षांचा मुलगा, समोरासमोर. ऐकून घेणे हे किती कष्टाचे काम आहे, ते तिथे दिसते.

आता आपल्याबद्दल. या मालिकांमध्ये मुस्लिम मुलगा-मुलगी असते तेव्हा तिचा त्रास बहुधा ठरलेला असतो. २०२३ मधली ‘क्लास’ घ्या. सबा आणि फारूक या भावंडांची ओढाताण मुख्यतः घरचे नियम आणि बाहेरचे जग यांतली. असा ताण आपल्या घरांत नसतो असे मी म्हणणार नाही. कित्येक मुलींना तो रोज सोसावा लागतो, आणि त्यावर आपण बोललेच पाहिजे. पण आपल्या मुलांची झोप तेवढ्यानेच उडत नाही. नागपूरला शिकायला गेलेल्या मुलाला नाव ऐकून खोली नाकारली जाते. कोणत्याही बातमीनंतर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्यालाच उत्तर द्यावे लागते. अब्बांचे कर्ज असते, बहिणीचे थांबलेले शिक्षण असते. हे ओझे पडद्यावर येत नाही. नॉर्वेच्या ‘स्काम’ मालिकेच्या २०१७ मधल्या शेवटच्या भागात हिजाब घालणारी साना नायिका आहे. श्रद्धा तिचा आधार आहे, आणि मैत्रिणींमध्ये असूनही ती एकटी पडते. नॉर्वेत हे लिहिता येते, तर गोंदियाच्या, तिरोड्याच्या, आमगावच्या मुलीची गोष्टही लिहिता येईल. तुमच्यापैकी कोणीतरी लिहा.

मालिकांना बोल लावताना आपण स्वतःलाही विचारू या. आपल्या मोहल्ल्यात कोणी उदास असेल तर आपण म्हणतो, ईमान कमजोर है. याकूब अलैहिस्सलाम यूसुफच्या विरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, हे कुरआनात आहे. त्यांचे ईमान कमजोर होते असे म्हणायची कोणाची हिंमत आहे? हजारेक वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. भीती, राग, उदासी, पुन्हा पुन्हा येणारे विचार, यांचा त्यात वेगवेगळा विचार आहे. ही आपलीच परंपरा आहे. दुआ करा, जरूर करा. मधुमेहाची गोळी घेताना आपण दुआ सोडत नाही, तसेच हे.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. मित्राने एखादा सीन पाठवला आणि ‘हे माझेच आहे’ म्हटले, तर इमोजी पाठवू नका, फोन करा. मरणाचा विचार येतो का, असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले, याने ओझे हलके होते. ‘हां’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, आणि ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घालू लागला तर ती घेऊ नका. ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत आणि हिंदीत बोलता येते. तो आत्ताच मोबाईलमध्ये जतन करा. मी थांबते... झाला का? आणि पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, आणि त्याला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

पालकांना एकच विनंती. मुलांचा मोबाईल हिसकावू नका. एक भाग त्यांच्याशेजारी बसून पाहा आणि मग विचारा, ‘तेरे साथ भी ऐसा होता है क्या?’ उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

माझा भाऊ आता बी.एस्सी. करतो आहे. आज तो इथेच कुठेतरी बसला आहे. येताना त्याने मला पुन्हा एक सीन पाठवला. या वेळी मी फोन केला. तो हसत म्हणाला, ‘बाजी, इस बार सिर्फ कॉमेडी है.’