पाणचक्कीचे चित्र



आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाराशेजारी एक जुने काळेपांढरे चित्र टांगलेले आहे. संथ नदी, काठावर कौलारू घर आणि घराला लागून भले मोठे लाकडी चाक. इंग्लंडातल्या एका खेड्यातली ही पाणचक्की. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ही तिची दूरची बहीण म्हणा ना!

चित्र ‘एचिंग’ पद्धतीचे आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओढायचे आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण निघाले, तेवढ्याच रेघा तेजाब खाते. त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओला कागद दाबायचा, की चित्र उमटले.

आता चक्कीत डोकावू. चाक उभे फिरते, पण दळणाचा दगड आडवा फिरायला हवा. म्हणून आत दातेरी चाके एकमेकांत अडकवलेली असतात. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. अगदी आपल्या जात्यासारखे. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशाची मोजदाद करविली, तेव्हा सुमारे ६००० चक्क्यांची नोंद झाली.

माझी आजी पहाटे दळायला बसे. तिच्या तळहातांचे घट्टे मला आठवतात. चित्र पाहताना वाटे, हे चाक तिच्या दाराशी असते तर!

पण गोष्ट इतकी सरळ नाही. त्या काळी चक्की बहुधा जमीनमालकाची असे. कुळांनी तिथेच दळायचे आणि दळणातला वाटा द्यायचा, असा दंडक असे. घरचे जाते म्हणजे मालकाचे नुकसान! सेंट ऑल्बन्स गावच्या मठाधिपतीने १३३० च्या सुमारास लोकांची जाती जप्त केली आणि ते दगड मठात फरशी म्हणून बसवले. पुढे १३८१ साली शेतकऱ्यांचे बंड झाले. लोक मठात शिरले, फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे प्रसाद वाटावा तसे आपसांत वाटून घरी नेले. पन्नास वर्षे लोटली, तरी जाते कुणी विसरले नव्हते.

आमच्या गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा आजीला आनंद झाला. तरी जाते तिने मोडीत दिले नाही. म्हणे, “गिरणी बंद पडली तर पोरं काय खातील?”

गुरुजनहो, असे चित्र वर्गात दाखवाल, तेव्हा चाक कशाने फिरते हे मुलांना जरूर सांगा. मग चाक कुणाचे आणि दळण कुणाचे, हेही विचारा. आणि घरी जाते असेल, तर आजीकडून ते चालवून बघायला सांगा.