लेण्यांच्या काळोखांतील प्रजा

आमच्या जालना जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याचा डोंगर पसरला आहे, आणि भोकरदनला केळणा नदीच्या कांठीं खडकांत खोदलेलीं लेणीं आहेत. अशा ठिकाणीं गेलेला प्रवासी खांब पाहतो, मूर्ति पाहतो, आणि तोंडावर कोळ्याचें जाळें आलें कीं नाक मुरडून बाहेर पडतो. त्या जाळ्याच्या धन्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

चुनखडीचा दगड पाण्यांत विरघळतो व त्यांत लांबच लांब गुहा पडतात. आपला दख्खनचा काळा पाषाण तसा विरघळत नाहीं. म्हणून आपल्याकडील बहुतेक गुहा माणसाच्या छिन्नीनें झालेल्या आहेत. आसामच्या शेजारीं, गारो टेकड्यांत, सिजू नांवाची चुनखडीची गुहा आहे. १९२२ सालीं केंप व चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनीं तिची पाहणी केली आणि १९२४ सालीं तींतील शंभराहून अधिक जातींच्या प्राण्यांची नोंद प्रसिद्ध केली. हिंदुस्थानांतील गुहाजीवनाच्या अभ्यासाचा तो पाया होय.

काळोखांत हिरवें पान उगवत नाहीं. मग ही प्रजा जगते कशावर? मुख्यतः वटवाघळांच्या लेंड्यांवर. त्यांवर बुरशी येते. बुरशी व लेंड्या सूक्ष्म किडे, भुंगेरे आणि झुरळें खातात. आणि त्यांच्यावर कोळी व घोणी ताव मारतात. वटवाघूळ उडून गेलें, तर ही सारी पंगत उठलीच म्हणून समजावें.

पाहणी करावयाची ती अशी. गुहेच्या तोंडापासून आंत पावलांनीं अंतर मोजावें आणि उजेड, संधिप्रकाश व पूर्ण काळोख असे तीन भाग पाडावे. प्रत्येक भागांत उष्णता व हवेंतील ओलावा टिपावा. मग हातभर चौरस जागा आंखून तींतील जीव मोजावे, आणि ज्यांची ओळख पटत नाहीं असे एकदोनच मऊ कुंचल्यानें उचलून मद्यार्काच्या कुपींत ठेवावे. उन्हाळा, पावसाळा व हिंवाळा अशा तिन्ही ऋतूंत हेंच पुन्हां करावें. मशाल व धूर मात्र सर्वथा वर्ज्य.

कोणी विचारील, या उठाठेवीचा उपयोग काय? उपयोग अजिंठ्यास विचारावा. तेथील चित्रें मातीच्या गिलाव्यावर काढलेलीं आहेत, आणि त्या गिलाव्यांत भाताचा तूस व गवताचे तंतु आहेत. कीटकांस तें अन्नच. राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, वेरूळच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळले आहेत व तेथें कीटकांचा उपद्रव आढळला नाहीं. अजिंठ्यास भांग नाहीं, आणि तेथील सुमारें २५ टक्के चित्रें कीटकांनीं बिघडविलीं आहेत. वेरूळच्या कारागिरानें किडा मारला नाहीं. आपली भिंतच त्याच्या पोटास अयोग्य केली.

आतां चित्रें वांचवावयाचीं म्हणून सरसकट विषारी औषध फवारावें, अशी सूचना कोणाच्याही तोंडीं सहज येईल. परंतु गिलावा खाणारा किडा निराळा आणि त्या किड्यास खाणारा कोळी निराळा. औषधानें दोघेही मरतात; पुढें बाहेरून किडा लवकर परत येतो, आणि पहारेकरी मात्र उरलेला नसतो. चोर कोण व पहारेकरी कोण हें आधीं ठरविण्याचें काम पाहणीच करते. वटवाघळांच्या मलानें चित्रें डागाळतात हेंही खरें; तरी चित्रांच्या लेण्यास जाळीचें दार लावणें आणि शेजारचें रिकामें लेणें त्यांना मोकळें ठेवणें, हा मधला मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

शाळांच्या सहली लेण्यांस जातातच. शिक्षकबंधूंस माझी विनंती एवढीच कीं, मुलांच्या हातीं काठी न देतां वही द्यावी. मूर्तींची नांवें लिहून झाल्यावर, छताच्या कोपऱ्यांत कोण बसलें आहे तेंही त्यांना लिहूं द्यावें.