शेरा : स्थलांतरित



तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या या गावात तुम्ही जिल्ह्यातील बालरोगतज्ज्ञांनी मला अध्यक्षपदाचा मान दिलात. अध्यक्षाने प्रगतीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात आली, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं. आढावा इथेच थांबवतो, कारण बरीच वर्षं मनात असलेलं एक गाऱ्हाणं आज मांडायचं आहे.

दत्तजयंतीला इथे घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कितीतरी घरांना कडी असते. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की गाडी येते आणि माणसं बारडोली, व्यारा, सुरतकडे उसाला जातात. परततात ती होळीला, नाहीतर फड संपल्यावर. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने खानदेशातून जाणाऱ्या या कोयत्यांबद्दल सत्तरच्या दशकातच लिहिलं होतं. लेकरंही बरोबर जातात, आणि इकडे रजिस्टरात त्यांच्या नावापुढे शेरा पडतो : 'स्थलांतरित'. माझं भांडण त्या शेऱ्याशी आहे. तो पडला की मूल आपल्या हिशेबातून सुटतं आणि गुजरातच्या हिशेबात चढत नाही.

मुलं उपचारातून का सुटतात, यावर सकाळच्या सत्रात दोन तट पडले. कुणी म्हणालं, पालक आधी भगताकडे जातात. कुणी म्हणालं, तज्ज्ञांची पदं रिकामी आहेत. मी मोलगीकडच्या एका मुलाचं सांगतो. सिकलसेलचा पोरगा, वय सात. बापाने त्याचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेलं. कार्तिकापर्यंत दर महिन्याची नोंद : हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अॅसिड. त्यापुढचे रकाने कोरे. पडावावर थंडीत रात्री पोराचे पाय ठणकायला लागले. गोळ्या संपलेल्या. रस्त्यावरच्या एका दवाखान्यात संधिवात म्हणून सुया टोचल्या. बाप जाईल तिथे कार्ड दाखवत होता आणि 'तुमच्याकडे जा' हेच ऐकत होता. होळीला पोरगा माझ्यापुढे आला तेव्हा त्याच्या खुब्याचं हाड गेलेलं होतं. हा बाप भगताकडे गेला नव्हता. पदही भरलेलं होतं. त्या खुर्चीत मीच बसलो होतो.

पोषण पुनर्वसन केंद्रातून आया पळून जातात, हीही आपली नेहमीची तक्रार. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, पट्टी लाल, तरी आई निघाली म्हणून मी एकीवर रागावलो होतो. ती म्हणाली, "डॉक्टर, माझी उचल तू फेडशील का?" गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे सुटणार होती.

अमेरिकेत मेक्सिकन शेतमजुरांची कुटुंबं अशीच पिकांमागे राज्याराज्यांतून फिरत. १९६२ मध्ये केनेडींनी फिरत्या शेतमजुरांच्या आरोग्यासाठी कायदा केला. ते जिथे कामाला असतील तिथल्या दवाखान्यांना सरकारी पैसा मिळू लागला. तिथल्या हिस्पॅनिक मुलांची परवड संपलेली नाही, हे खरं. पण मजूर जिथे असेल तिथे त्याच्या पोराला औषध मिळालं पाहिजे, एवढं तरी त्या देशाने साठ वर्षांपूर्वी मान्य केलं. आपल्या मुलांना तर देशाची सीमासुद्धा ओलांडावी लागत नाही. नवापूर ओलांडलं की झालं! पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद होते, असं मला ऐकवलं जातं. नोंद जाईलही. गोळी आणि आहार तिच्या मागोमाग गेला, असं मला कुणी दाखवून द्यावं.

आपण निदान पलीकडच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलू या. मराठी आणि गुजराती, दोन्हींत वाचता येईल असं कार्ड काढू, आणि निघताना पुरेशी औषधं हातात देऊ. रक्ततपासणीशिवाय इतक्या महिन्यांचं औषध कसं द्यायचं, असं तुम्ही विचाराल. ती तपासणी तिकडेच व्हावी, यासाठीच तर हा खटाटोप. पैसे कुठून, कुणी काय करायचं, ते बसून ठरवू. पण नवरात्राच्या आत बसू. पुढे गाड्या भरायला लागतात.