पगाराच्या तारखेची कीर्ती

मुंबईच्या गिरण्यांत भरती व्हायची ती जॉबरच्या हातून. माणसं तोच लावायचा, तोच काढायचा, आणि लावून दिल्याबद्दल दस्तुरीही घ्यायचा. १९३१ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने या लाचखोरीवर बोट ठेवलं. लालबाग-परळच्या कामगाराला त्यात नवीन काय असणार! जॉबर पैसे घेऊन शब्द टाकायचा. गिरणी बरी की वाईट, हे त्या शब्दावरून कळत नसे.

ते कळायचं गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या माणसांच्या खोलीवर. पाळी करून आलेला विणकर जेवताना बोलायचा: पगार तारखेला झाला का, मास्तर शिवी देतो का, सूत कसलं येतं. सूत हलकं असलं की धागा सारखा तुटतो, माग थांबतो, आणि मजुरी कापडाच्या मापावर असल्याने पगारच घटतो. कोकणातून नुकता आलेला चुलतभाऊ हे ऐकत असे. उद्या कोणत्या दारात उभं राहायचं, हे तिथेच ठरे. सांगणाराही जपून सांगे, कारण पोराचे हाल झाले तर गणपतीला गावी गेल्यावर काकीला तोंड द्यायचं होतं.

अशा बोलण्यातूनच कारखान्याचं नाव होतं. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांच्या कामाला १२ तासांची मर्यादा घातली. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात ८ तासांचा दिवस सुरू झाला. भरपगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी तिथेच १९२० मध्ये आले. तरी तिथे संपही झाले, १९२० साली आणि पुन्हा १९२८ साली. म्हणजे नाव चांगलं असलं की भांडणच नसतं, असं नाही. मालकाशी भांडणारा माणूसही धाकट्या भावाला तिथेच चिकटवायला बघतो, आणि मला तरी नावाची खरी परीक्षा हीच वाटते.

आज पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत ओळखीचा उमेदवार आणला की बक्षीस मिळतं. बक्षिसाने अर्ज येतात, नाही असं नाही. पण अर्ज करण्याआधी तो उमेदवार रात्री फोन करून विचारतोच, “खरं सांग, कसं आहे?” त्या उत्तरावर मनुष्यबळ विभागाचा ताबा नसतो. शिवाय तो फोन पुष्कळदा नोकरी सोडून गेलेल्यालाही जातो. ज्याचा शेवटचा हिशेब चार महिने रखडवला, तो काय सांगेल?

मात्र ओळखीच्या भरतीची एक बाजू कंपन्यांना ऐकायला आवडत नाही. गिरण्यांत विणकाम खातं जास्त कमाईचं. तिथे नवी कांडी घातली की धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई, म्हणून ‘विटाळा’च्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. मुंबईच्या गिरण्यांतल्या १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ज्यांच्या खोलीवर विणकर नव्हताच, त्यांच्यासाठी शब्द टाकणार कोण? म्हणून माझं म्हणणं, ओळखीने कितीही चांगली माणसं मिळोत, मालकाने उघडी जाहिरात देणं थांबवू नये.