प्रत्येकाकडून एक डॉलर

कॅनडाच्या टेरी फॉक्सची आठवण निघाली की त्याच्या जिद्दीचंच कौतुक होतं. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण औदार्यात आहे. 1977मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचार घेताना त्याने इतर रुग्णांचे, विशेषतः लहान मुलांचे हाल पाहिले आणि कर्करोगावरील संशोधनासाठी पैसा उभारायचं ठरवलं. त्यासाठी 12 एप्रिल 1980 रोजी कॅनडातल्या सेंट जॉन्स शहरातून तो कृत्रिम पायावर धावू लागला. रोज जवळपास एक मॅरेथॉन, म्हणजे सुमारे 42 किलोमीटर! 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले, तेव्हा कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं.

कुणी म्हणेल, संशोधनाचा खर्च सरकारने करावा. शिवाय अशा कथांमुळे इतर रुग्णांवर शूर दिसण्याचं ओझं पडतं. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. अंथरुणाला खिळलेला रुग्ण तसूभरही कमी शूर नसतो. पण टेरीने रुग्णांकडून काहीच मागितलं नाही. मागितला तो प्रत्येक देशवासीयाकडून एक डॉलर. या मोहिमेतून स्वतःसाठी पैसा कमवायलाही त्याने नकार दिला. फेब्रुवारी 1981मध्ये निधी 2 कोटी 40 लाख डॉलरवर गेला, देशाची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती. त्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी, टेरी गेला. त्याच्या नावाच्या दौडी आजही होतात आणि त्यांतला पैसा कर्करोग संशोधनाला मिळतो.